दुष्काळाचा जमाखर्च

दामाजीपंतांच्या गोष्टीत देव येतो, बादशहा येतो, भुकेली माणसं येतात. मला मात्र लहानपणापासून त्या गोष्टीतल्या पावतीनं भुरळ घातली आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी राज्याचे अंमलदार. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला आणि पंतांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटून टाकलं. मुजुमदारानं बिदरला कागाळी केली. पंतांना धरून नेण्यासाठी शिपाई निघाले. तिकडे दरबारात एक महार येऊन उभा राहिला. म्हणाला, मी दामाजीपंतांचा विठू महार, धन्यानं धान्याचा पैका पाठवलाय. थैली ओतता ओतता मोहरा संपेनात. बादशहानं पैका मोजून घेतला, पावती लिहून दिली, महार निघून गेला. आणि ती पावती पंतांना सापडली ती त्यांच्या गीतेच्या पोथीत.

देवाला पावती कशाला हवी? चमत्कारच करायचा होता तर मुजुमदाराची कागाळी वाटेत गहाळ करता आली असती, नाहीतर पाऊसच पाडता आला असता. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचवणारे महिपती हे राहुरीजवळच्या ताहराबादचे कुलकर्णी. त्यांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. पूजा चालू असताना सरकारी बोलावणं आलं, तेव्हा यापुढे लेखणी फक्त संतांसाठी धरीन अशी त्यांनी शपथ घेतली, असं सांगतात. शपथ घेतली तरी कुलकर्णीपण बोटांतून जात नाही. दुष्काळात काही माणसं भुकेनं मरतात आणि उरलेली थकबाकीनं, हे दप्तर सांभाळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. म्हणून त्यांच्या गोष्टीतला देव रोख भरतो आणि पावती घेतो. एक गोष्ट तर अशी की ती लक्षात आल्यापासून मला ही कथा निव्वळ गोड वाटेनाशी झाली: या गोष्टीत शेतसारा माफ होत नाही. साक्षात विठ्ठलालाही तो भरावा लागतो. धान्यावरचा बादशहाचा हक्क कुणी नाकारत नाही, देवसुद्धा नाही.

आणि देव येतो महार होऊन. याच मंगळवेढ्यात, परंपरेनुसार १३३८ साली, गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून चोखामेळा दगावले. ते वेठीच्या कामावरचे महार. त्यांची समाधी पंढरपुरात आहे ती देवळाबाहेर, नामदेव पायरीपाशी. म्हणजे ज्या गावानं एक महार भिंतीखाली गाडला, त्याच गावाच्या अब्रूसाठी देवानं महाराचं रूप घेतलं असं आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. त्या रूपातल्या माणसांना पंढरपूरच्या गाभाऱ्यापर्यंत जायला मात्र १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

माझं आजोळ मंगळवेढ्याच्या बाजूचं. पर्जन्यछायेचा मुलूख, काळी खोल जमीन. पावसाळ्यात इथं फार काही होत नाही. परतीच्या पावसावर ज्वारी पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर ती काढायची. म्हणून साल बरं गेलं की धान्य राखून ठेवण्याची सवय घराघरात. मोठ्या वाड्यांत पेवं असायची, जमिनीखाली खोल, वरून बंद केलेली. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांच्याविषयी ती शेवटपर्यंत शिव्या घालूनच बोलायची. दामाजीची गोष्ट तीच सांगायची, पण तिच्या गोष्टीत थैलीतल्या मोहरांना फार भाव नसायचा. "मोहरा कुठं खाता येत्यात व्हय? कुलूप कुणी काढलं ते सांग," असं ती विचारायची आणि आम्ही "दामाजीनं" म्हटलं की पुढं जायची.

धर्म आणि दुष्काळ यांविषयी वाचायला लागलो तेव्हा हे कुलूप डोक्यात होतं. आपल्याला वाटतं, जुन्या काळी लोक देवाकडे पाऊस मागत बसले. मागत होतेच. मुलाला कडुलिंबाचा पाला बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरवायचं, बायकांनी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवायची आणि त्याचा जीव गुदमरू द्यायचा. यात भक्ती किती आणि वेठीला धरणं किती, सांगता यायचं नाही. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा. तिथून तो पुढच्या गावानं ढकलायचा. संकटावरचा हा उपाय मला भीतिदायक वाटतो, कारण तो अजून चालू आहे. फक्त गाडा राहिलेला नाही.

पावसासाठीच्या नमाजेबद्दल वाचलं तेव्हा मात्र थबकलो. साध्या, जुन्या कपड्यांत गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जमायचं, अंगावरची चादर उलटी करून पांघरायची, हे ऐकून होतो. पण फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत त्याआधीची पायरी सांगितली आहे: तोबा करा, दान करा आणि कुणावर जुलूम केला असेल, कुणाचं काही दाबून ठेवलं असेल, तर ते आधी परत करा. मग आभाळाकडे हात पसरा. नमाजेला जमणाऱ्या किती जणांनी वही उघडून हे केलं असेल, देव जाणे. पण नियम करणाऱ्याला ठाऊक होतं की आभाळाच्या आधी घरातल्या पेटीशी बोलायला हवं.

यापलीकडे तिसरा प्रकार आहे, दुष्काळाचं पाप कुणाच्या तरी माथी मारण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, त्याच महिन्यात एका शंकराचार्यांनी साईबाबांच्या पूजेमुळे महाराष्ट्रात दुष्काळ पडल्याचं सांगितलं. त्यावर जास्त शब्द खर्चण्यात अर्थ नाही.

आता १६३० कडे येऊ, कारण मराठीत दुष्काळाचं सगळ्यात खोल बोलणं तिथं झालं आहे. त्या साली गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं लिहिलंय की भाकरीच्या बदल्यात जीव द्यायला माणसं तयार होती, पण घेणारा नव्हता. बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं जात होतं आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली जात होती. बादशहानं लंगरखाने उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले जात. सोमवार अशासाठी की तो त्याच्या गादीवर बसण्याचा वार. वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले गेले, आणि खालसा, म्हणजे थेट बादशहाच्या ताब्यातल्या, मुलखातला सत्तर लाखांचा सारा सोडला. आकडे लहान नाहीत. बिदरच्या बादशहानं जे केलं नाही ते यानं केलं, असंही म्हणता येईल. पण तो बुऱ्हाणपुरात आला होता कशासाठी? निजामशाही बुडवायला. त्याची अफाट फौज, तिचे हत्ती-घोडे, सगळे याच उपाशी मुलखाच्या धान्यावर पोसले जात होते. सोमवारी खैरात, उरलेले सहा दिवस स्वारी. इकडे पुण्यावर विजापूरच्या फौजेनं गाढवाचा नांगर फिरवला तोही याच सुमाराला. अस्मानी आणि सुलतानी हे शब्द आपण जोडीनं उच्चारतो, ते उगीच नाही.

त्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचं दुकान बसलं. घरात महाजनकी, सावकारी, पिढीजात विठ्ठल. आईबाप आधीच गेले होते. पहिली बायको रखमाबाई गेली, मुलगा गेला. तुकोबा सांगतात:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

या ओळीतला "एकी" मला दर वेळी थांबवतो. एक बायको अन्न अन्न करत मेली, एवढंच. विशेषण नाही, हंबरडा नाही. वहीत नोंद करावी तसं लिहिलंय: द्रव्य आटलं, मान गेला, बायको मेली, धंद्यात तूट आली. पूर्वजन्मीच्या पापाचा उल्लेख या अभंगात नाही, देवाच्या कोपाचाही नाही. लाज वाटत होती, असं मात्र आहे. भुकेच्या काळात सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच, लाज. आजीही खडीच्या कामाबद्दल तासन्‌तास बोलायची, पण रांगेत पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही.

दुसऱ्या एका अभंगात मात्र तेच तुकोबा म्हणतात, "बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" हे वाक्य मला पचत नाही, आणि ते पचावं असं वाटतही नाही. कीर्तनकार या ओळीवर येतात तेव्हा फार सहज येतात. संकट म्हणजे देवाची कृपा, असा अर्थ काढून ते समोरच्या माणसांना वाटून टाकतात. तुकोबांनी तो वाटला नव्हता. ते स्वतःच्या दिवाळ्याला बरं म्हणाले. शेजाऱ्याच्या दिवाळ्याला बरं म्हणाल्याचं मला कुठं आढळलं नाही. शेजाऱ्याच्या बाबतीत त्यांनी काय केलं ते परंपरा सांगते: लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं, म्हणजे कर्जरोखे, काढली, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची निम्मी दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे महत्त्वाचं. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं सोपं असतं. दामाजीपंतांवर तो आरोप निदान करता येतो, तुकोबांवर तोही येत नाही.

संतांनी बुडवलेल्या कागदांचं आपण भारूड केलं, आणि तसल्याच वह्यांवर पुढच्या वाण्यांनी धंदा केला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले आणि खतं, वह्या काढून जाळल्या. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. माणसं मारण्यावर भर नव्हता, कागदांवर होता. तिथं कुणी संत नव्हता, देवाचं नावही पुढे नव्हतं, म्हणून धर्माच्या हिशेबात ही घटना धरली जात नाही. मी धरतो. इंद्रायणीकाठी एकट्यानं आपखुशीनं केलेलं काम सुप्याला ज्यांच्या नावावर देणं होतं त्यांनी मिळून केलं.

त्यानंतर वर्षभरातच, १८७६ साली, पाऊस फिरकला नाही. दख्खनपासून मद्रासपर्यंत दुष्काळ पसरला आणि दोन वर्षं हटला नाही. त्याच सुमाराला, १८७७-७८ मध्ये, पॅसिफिकमध्ये फार मोठा एल निनो होता, हे आज शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. माहीत होतं ते एवढं की रेल्वेनं धान्य येत होतं आणि ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला जेमतेम चार वर्षं होत होती. निर्मिक, म्हणजे निर्माणकर्ता, आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, भट नको, दक्षिणा नको, हा त्यांचा धर्म. दुष्काळात या धर्माचा एक अगदी व्यावहारिक फायदा झाला: शांत करायला कुणी देव उरला नव्हता, म्हणून शांतीवर खर्चही नव्हता. जोतीरावांनी १८७७ च्या मे महिन्यात मदतीचं आवाहन काढलं. धनकवडीला 'व्हिक्टोरिया बालाश्रम' उभा राहिला आणि दुष्काळात सापडलेल्या मुलांना तिथं जेवू घालण्यात येऊ लागलं. त्याआधी २० एप्रिलला सावित्रीबाईंनी जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात गावं सोडून निघालेली माणसं आहेत, मरणारी जनावरं आहेत आणि अशाही दिवसांत रयतेला पिळणारे सावकार आहेत. देवाची करुणा भाकणं त्या पत्राचा विषय नाही. कामाचा अहवाल असावा तसं ते पत्र आहे. ज्या घरानं १८६८ साली आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, त्या घरातून ते आलं, हेही लक्षात ठेवायला हवं. पाणी आटतं तेव्हा कुणाच्या घागरीसाठी सगळ्यात आधी आटतं, याचं उत्तर त्या हौदापाशी होतं.

पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी याच दशकात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायला घेतला. त्याबद्दल स्वतंत्रच लिहायला हवं. इथं मला पंडिता रमाबाईंकडे जायचं आहे.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब पुराण सांगत तीर्थं करत फिरायचं. शास्त्रीबुवांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून जातभाईंचा रोष पत्करलेला. असा हा सुधारक माणूस. पण १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात हे कुटुंब दुष्काळात सापडलं तेव्हा त्यांनी जे केलं ते रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. होतं नव्हतं ते दानधर्मात, ब्राह्मणभोजनात, अनुष्ठानात घातलं. देव प्रसन्न होईल, सोन्यानाण्यांनी घर भरेल, असं शास्त्रात सांगितलं होतं. अंगमेहनतीचं काम करणं कमीपणाचं, भीक मागणं लाजेचं. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, थोड्याच अवकाशानं आई गेली, मग मोठी बहीण. आईला खांदा द्यायला माणसं पुरेनात, तेव्हा रमाबाईंनी तिरडीचं एक टोक धरलं. उंची कमी म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर घेतलं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या.

दामाजीपंतांच्या गोष्टीत धान्य कोठारातून भुकेल्यांकडे जातं. इथं ते भुकेल्यांच्या घरातून देवाकडे आणि देवाच्या माणसांकडे गेलं. कुणी फसवलं असंही नाही. शास्त्रीबुवांचा खरोखर विश्वास होता. म्हणूनच ही हकिकत वाचवत नाही.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, निराधार मुलींना आणि बालविधवांना घेऊन आल्या, जवळपास तीनशे. पुण्यात प्लेग होता, अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. मग केडगावच्या शेतावर तंबू ठोकले. हे केडगावही जुन्या भीमथडी तालुक्यातलंच. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या या 'मुक्ती' आश्रमातली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. ज्या बाईच्या घरात अंगमेहनत हलकी मानली गेली होती तिनं मुलींच्या हातांत आधी काम दिलं.

आणि प्रार्थनाही दिली. रमाबाई १८८३ सालीच ख्रिस्ती झाल्या होत्या. मुक्तीतल्या मुलींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यातल्या लोकांनी, वर्तमानपत्रांनी आधीपासूनच झोड उठवली होती. बाजू घेणाऱ्या थोड्यांत जोतीराव होते, १८८५ च्या 'सत्सार'मध्ये. मला यात कुणा एकाच्या बाजूनं उभं राहता येत नाही. भाकरीसोबत देव येत असेल तर खाणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीला नाही कसं म्हणता येणार? हा प्रश्न खराच आहे. पण तो विचारायचा हक्क कुणाला? जे मध्य प्रांतात गेलेच नाहीत त्यांना तो शोभत नाही. काही जण गेले. आर्यसमाजाचे लाला लजपतराय त्याच दुष्काळात तिथल्या हिंदू अनाथ मुलांना पंजाबात घेऊन गेले, मिशनच्या हाती पडू नयेत म्हणून. म्हणजे मुलं मरत होती तोवर कुणाचीच नव्हती. मिशननं उचलायला सुरुवात केल्यावर ती हिंदू झाली. हे कडवट वाटेल, पण स्पर्धेनं का होईना, पंजाबात नेलेली ती मुलंही जगली. उपाशी पोराला कोणत्या हेतूनं जेवण मिळालं, याची चर्चा पोट भरलेल्या माणसांनी बेतानं करावी.

२०१८ च्या दुष्काळात आजोळच्या गावात देवळाच्या कळसासाठी वर्गणी जमली होती. पाऊस दडी मारून बसला, जनावरांना वैरण उरली नाही, चारा छावणी सुरू होईल-होईल म्हणत होते. मामानं बैठकीत विषय काढला की कळसाचे पैसे आता चाऱ्याला वापरू, ज्याला लागतील त्याला उसने देऊ. एक जण म्हणाला, "देवाचा पैका हाय. तुकोबांनीबी दुष्काळात देऊळच दुरुस्त केलं."

"केलं की," मामा म्हणाला, "पण खतं बुडवल्यावर."

बराच वेळ भांडण चाललं. आमच्या घरातही मतं एक नव्हती, मामीचं म्हणणं कळस आधी. शेवटी निम्मा पैसा चाऱ्याला निघाला, वहीत नावं लिहून, सही-अंगठा घेऊन. कडब्याच्या ट्रॉल्या आल्या. पैसे मागायला गावकुसाबाहेरच्या वस्तीतून कुणी आलं नाही. त्यांनी वर्गणी दिली होती, पण बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मामा दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिकडे गेला. कळस पुढे दोन वर्षांनी बसला. उसने घेतलेल्यांपैकी चौघांनी अजून पैसे फेडलेले नाहीत. दरवर्षी सप्त्याच्या बैठकीत ती नावं वाचली जातात, कुणीतरी म्हणतं खोडून टाका, कुणीतरी म्हणतं राहू द्या.